आवाजातून जवळच्या उपकरणावर सुरक्षितपणे फाइल पाठवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवाजातून फाइल जाते म्हणजे नक्की काय होतं?

एका उपकरणाचा स्पीकर काही सेकंद सूर वाजवतो. दुसऱ्याचा माइक ते ऐकतो आणि सुरांमधून आकडे काढतो. केबल, ब्लूटूथचं पेअरिंग, फोन नंबर, खातं यातलं काहीच लागत नाही. मात्र या पद्धतीच्या चांगल्या साधनांमध्ये अख्खी फाइल आवाजातून जात नाही. आवाजातून जातात फक्त पत्ता आणि ओळख: मी या वायफायवर अमुक ठिकाणी आहे, माझ्या किल्लीचा ठसा हा असा आहे. (किल्ली म्हणजे फाइलला कुलूप लावणारा लांबलचक आकडा, ठसा म्हणजे तिच्यावरून काढलेली छोटी खूण.) तेवढं एकमेकांना कळलं की फाइल वायफायवरून, एन्क्रिप्ट होऊन, थेट एका उपकरणातून दुसऱ्यात उतरते. जॉर्जी गेर्गानोव्ह यांचा 'वेव्ह-शेअर' हा मुक्त-स्रोत प्रकल्प याच कल्पनेचं प्रात्यक्षिक आहे. त्यांची 'जीजीवेव्ह' ही लायब्ररी सुरांचं काम करते. खालची बरीचशी आकडेवारी तिचीच आहे.

अख्खी फाइलच आवाजातून पाठवली तर?

हिशेब करून बघा. जीजीवेव्हने हवेतून साधारण सेकंदाला ८ ते १६ बाइट जातात. फोनने काढलेला एक फोटो ३० लाख बाइटचा धरला आणि वेग वरचा, म्हणजे १६ धरला, तरी १,८७,५०० सेकंद लागतात. म्हणजे ५२ तास, तेही मध्ये एकदाही अडथळा न येता. एखादा वेबपत्ता, छोटी किल्ली यांना मात्र हा वेग पुरेसा आहे.

सुरांमध्ये माहिती बसते कशी?

ऐकू येणाऱ्या प्रकारात १,८७५ हर्ट्झपासून पुढचा ४,५०० हर्ट्झचा पट्टा घेतलेला आहे. त्याच्या ९६ पायऱ्या केलेल्या आहेत आणि दोन पायऱ्यांमध्ये ४६.८७५ हर्ट्झचं अंतर आहे. हा विचित्र आकडा ४८,००० ला १,०२४ ने भागून येतो: सेकंदाला ४८,००० नमुने घ्यायचे आणि एका वेळी १,०२४ नमुन्यांचा तुकडा तपासायचा. एका वेळी ६ सूर एकदम वाजतात. प्रत्येकाच्या वाट्याला १६ पायऱ्या येतात, त्यातल्या एका पायरीवर तो वाजतो. १६ पैकी एक निवडणं म्हणजे ४ बिट. ६ सुरांचे २४ बिट, म्हणजे ३ बाइट. हा गठ्ठा जीजीवेव्हच्या 'नॉर्मल' वेगात सुमारे ०.१९ सेकंद टिकतो, मग पुढचा.

सोबत रीड-सॉलोमन पद्धतीची जादा माहितीही जाते. त्यामुळे मध्येच कोणी खोकलं आणि एखाद-दुसरा गठ्ठा बिघडला, तरी मूळ मजकूर परत जुळवता येतो. सीडीवरचे ओरखडे आणि क्यूआर कोडचा फाटलेला कोपरा याच गणिताने भरून निघतात.

ओळख करून द्यायला नेमके किती बाइट लागतात?

दोन ब्राउझरना थेट जोडणारी वेबआरटीसी ही व्यवस्था वापरली तर: वायफायवरचा पत्ता ४ बाइट, पोर्ट (त्या पत्त्यावरचं दार) २, प्रमाणपत्राचा (उपकरणाच्या किल्लीच्या ओळखपत्राचा) एसएचए-२५६ या गणिताने काढलेला ठसा ३२, जोडणीचं तात्पुरतं नाव ४ आणि तात्पुरता पासवर्ड २४. एकूण ६६. शिवाय 'हे आमंत्रण आहे की उत्तर' हे सांगायला एक-दोन बाइट. जीजीवेव्हच्या एका संदेशाची मर्यादा १४० बाइट असल्याने हे सगळं एकाच वाजवणीत बसतं. एका बाजूचं आमंत्रण ४ ते ८ सेकंद, तेवढंच दुसऱ्या बाजूचं उत्तर. ब्राउझर एरवी याच कामासाठी लांबलचक मजकूर तयार करतो. त्यातला ठरावीक भाग दोन्हीकडे आधीच माहीत असतो, म्हणून तो पाठवायची गरज नसते.

खोलीतला तिसरा माणूस ऐकतोच आहे. मग हे सुरक्षित कसं?

हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत जास्त येतो आणि तो रास्त आहे. आवाज लपवता येत नाही, असं धरूनच चालायचं. शेजारच्या टेबलावरचा फोन ऐकतो, व्हिडिओ कॉल चालू असेल तर पलीकडचे सगळे ऐकतात, कोणी रेकॉर्डही करून ठेवू शकतं. म्हणून ऐकल्याने नुकसान होईल असं काही आवाजातून पाठवायचंच नाही.

किल्ल्या जोडीने येतात: सार्वजनिक किल्ली कोणालाही द्यायची, खासगी फक्त स्वतःकडे ठेवायची. वर सांगितलेल्या ६६ बाइटमध्ये खासगी किल्ली नाही. ३२ बाइटचा ठसा सार्वजनिक प्रमाणपत्राचा आहे. त्या प्रमाणपत्राच्या जोडीची खासगी किल्ली उपकरणाबाहेर जातच नाही. ठसा ऐकून फाइल उलगडता येत नाही. तात्पुरता पासवर्ड त्या एका जोडणीपुरताच असतो, त्यामुळे उद्या रेकॉर्डिंग परत वाजवून काही हाती लागत नाही.

आता उलट बाजू बघू. वायफायवर कोणी मध्ये बसून दोघांनाही फसवायचं ठरवलं, तर त्याला स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करावं लागेल. पण तुमचा फोन तर आवाजातून आलेल्या ठशाशी जुळणारंच प्रमाणपत्र स्वीकारतो. म्हणजे फसवणाऱ्याला आधी खोलीत, सगळ्यांदेखत, स्वतःचा सूर वाजवावा लागतो. आवाजाची खरी ताकद इथे आहे. गुपचूप ऐकणं सोपं आहे, पण ऐकून काही मिळत नाही. फसवायचं तर बोलावं लागतं, आणि बोललं की माणसांना ऐकू येतं.

म्हणून नियम सोपा ठेवा: एका आमंत्रणाला एकच उत्तर ऐकू आलं पाहिजे. दोन आली, किंवा ज्या फोनकडून उत्तर यायला हवं त्याच्या दिशेने ते आलं नाही, तर रद्द करून पुन्हा सुरू करा.

मग जोडणी होताना दोन्ही पडद्यांवर येणारा सहा अंकी कोड कशाला पडताळायचा?

गजबजाटात दुसरं उत्तर कानावर येईलच असं नाही, म्हणून. दोन्ही पडद्यांवर दिसणारा कोड दोन्ही किल्ल्यांपासून बनलेला असतो. एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने आपल्या पडद्याशी ताडून बघावा. "हो हो, तोच आहे" असं न बघता म्हणू नका.

साधन बनवणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. किल्ल्यांचा नुसता हॅश (म्हणजे ठसा) काढून त्याचे सहा अंक दाखवणं पुरेसं नाही. शक्यता फक्त दहा लाख आहेत. हल्लेखोर हव्या त्या सहा अंकांशी जुळणारी किल्ली सापडेपर्यंत नव्या किल्ल्या बनवत बसेल, आणि साध्या लॅपटॉपला ते जड नाही. प्रत्येक बाजूने आधी आपल्या किल्लीचं मोहोरबंद वचन (किल्ली न दाखवता, नंतर ती बदलता येणार नाही असा तिचा ठसा) पाठवावं आणि किल्ली मागाहून उघड करावी. मग हल्लेखोराला एकच अंदाज मिळतो, तोही आंधळा.

चार अंकी पिन ठेवला तर चालेल?

पिन कसा वापरला जातो त्यावर आहे. पिनलाच पासवर्ड करून फाइल एन्क्रिप्ट केली, तर ती न केल्यासारखीच. सगळे मिळून १०,००० पिन. प्रत्येक अंदाजाला मुद्दाम एक सेकंद लागेल अशी जड पद्धत लावली तरी १०,००० सेकंदांत, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास, सगळे तपासून होतात. हल्लेखोर फाइलची प्रत घरी नेऊन हे निवांत करू शकतो.

तोच पिन स्पेक२ किंवा सीपेस यांसारख्या पद्धतीने वापरला तर चित्र बदलतं. तिथे पिन बरोबर आहे का हे समोरच्या उपकरणाशी बोलल्याशिवाय कळत नाही, आणि एका बोलण्यात एकच अंदाज लावता येतो. चुकला की जोडणी तुटते. रेकॉर्डिंगचा उपयोग शून्य. चार अंकी पिन असलेलं साधन निवडताना त्याच्या माहितीपत्रकात ही नावं आहेत का बघा. नसतील तर पिनच्या भरवशावर कागदपत्रं पाठवू नका.

प्रत्यक्ष पाठवताना क्रम काय?

१. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर घ्या. वायफाय नसेल तर एका फोनचा हॉटस्पॉट लावा. मोबाइल डेटा बंद असला तरी चालतो, फाइल इंटरनेटवर जातच नाही.

२. ब्लूटूथ बंद करा, कानातले आणि हेडफोन काढा. ब्लूटूथ इअरफोन जोडलेला असेल तर सूर त्याच्यात वाजतात आणि समोरचा फोन ताटकळतो.

३. दोन्हीकडे साधन उघडा, माइकची परवानगी द्या. ब्राउझर ही परवानगी फक्त एचटीटीपीएस पानाला किंवा त्याच संगणकावरच्या पानाला देतो.

४. मीडियाचा आवाज ६० ते ७० टक्के ठेवा. रिंगटोनचा आवाज वेगळा असतो, तो वाढवून फरक पडत नाही.

५. फोन वीतभर अंतरावर, एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइककडे करून ठेवा. बहुतेक फोनचे दोन्ही खालच्या कडेला असतात. हातात धरलात तर नेमका तळहात त्यावर येतो, म्हणून टेबलावर ठेवणं बरं.

६. पाठवणाऱ्याने फाइल निवडून आमंत्रण वाजवायचं. पलीकडून उत्तर वाजेपर्यंत गप्प राहायचं.

७. कोड ताडून बघा, मगच 'स्वीकारा' दाबा.

८. फाइल पूर्ण उतरेपर्यंत दोन्ही पडदे चालू ठेवा. पडदा बंद झाला की फोन ब्राउझरला झोपवतो.

सूर वाजतात, पण पलीकडे काहीच उमटत नाही. काय तपासायचं?

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे फोनची हुशारी. कॉलसाठी बनवलेली ध्वनी-यंत्रणा माणसाचं बोलणं ठेवते आणि बाकीचं 'गोंगाट' म्हणून पुसते. एकसारखा वाजणारा सूर तिला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. प्रतिध्वनी काढणं, गोंगाट दाबणं आणि माइकची पातळी आपोआप बदलणं, या तिन्ही गोष्टी साधनाने माइक मागतानाच बंद ठेवायला हव्यात. तुम्ही स्वतः बनवत असाल तर पहिली दुरुस्ती इथेच करा. वापरणारे असाल तर चालू असलेला कॉल संपवा, कारण कॉल चालू असताना फोन हीच यंत्रणा जबरदस्तीने लावतो.

दुसरं कारण म्हणजे आवाज फार मोठा असणं. ऐकायला उलटं वाटतं, पण पूर्ण आवाजात छोटा स्पीकर फाटतो. त्यातून मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे नको असलेले सूर निघतात. २,००० हर्ट्झच्या सुराची ४,००० हर्ट्झला सावली पडते, आणि तिथे दुसऱ्या एखाद्या सुराची जागा असते. आवाज कमी करून बघा, अनेकदा तेवढ्यावर काम होतं.

तिसरं कारण खोली. फरशी, काच आणि उघड्या भिंतींच्या रिकाम्या खोलीत आधीच्या गठ्ठ्याचा घुमारा पुढच्यावर चढतो. अशा ठिकाणी 'फास्टेस्ट' सोडून 'नॉर्मल' वेग घ्या, किंवा फोन गादीवर ठेवा. छताच्या पंख्याची काळजी नको, त्याची घरघर बहुतांशी १,८७५ हर्ट्झच्या बरीच खाली असते. कुकरची शिट्टी, मिक्सर आणि आरतीतले टाळ मात्र थेट आपल्याच पट्ट्यात येतात. ते थांबू द्या.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी: माइकच्या भोकावर आलेलं कव्हर, भोकात साचलेली धूळ, आयफोनचा सायलेंट मोड (वेब पानाचा आवाज त्याने बंद होऊ शकतो), आणि पान उघडल्यावर एकदाही बोट न लावणं. स्पर्श झाल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरूच करत नाही.

सूर पोचले, उत्तरही आलं, तरी फाइल जात नाही?

म्हणजे गोची वायफायवर आहे. हॉटेल, कॉलेज, ग्रंथालय, कार्यालयातलं पाहुण्यांचं वायफाय अशा ठिकाणी राउटर एका ग्राहकाला दुसऱ्याशी बोलू देत नाही. त्याला क्लायंट आयसोलेशन म्हणतात. ते सुरक्षेसाठीच असतं, वाद घालू नका, स्वतःचा हॉटस्पॉट लावा. घरी दोन राउटर असतील तर दोन्ही फोन एकाच जाळ्यात आहेत ना ते बघा. व्हीपीएन बंद करा.

आणखी एक खाच आहे. आजचे ब्राउझर वेब पानाला उपकरणाचा स्थानिक पत्ता सहजी देत नाहीत. त्याऐवजी ते शेवटी 'डॉट लोकल' असलेलं लांबलचक यादृच्छिक नाव देतात, आणि ते ४ बाइटमध्ये बसत नाही. माइकची परवानगी मिळाल्यावर क्रोम खरा पत्ता उघड करतो. म्हणून परवानगी आधी, जोडणीची तयारी नंतर, हा क्रम पाळा.

ऐकू न येणारा आवाज वापरला तर जास्त सुरक्षित नाही का?

आमच्या मते नाही. जीजीवेव्हचा वरचा पट्टा १५,००० ते १९,५०० हर्ट्झचा आहे. मोठ्या माणसांना तो बहुतेक ऐकू येत नाही, पण मायक्रोफोनला येतो. म्हणजे ऐकणाऱ्यापासून काहीच लपत नाही आणि तुमचा स्वतःचा कान मात्र पहाऱ्यावरून उठतो. दुसरं उत्तर कोणी वाजवलं हे तुम्हाला कळणार नाही. शिवाय लहान मुलांना आणि कुत्र्यांना याचा खालचा भाग चांगलाच ऐकू येतो, आणि तो सुखद नसतो.

चालण्याचाही भरवसा कमी. फोनचे छोटे स्पीकर या उंचीवर झपाट्याने मंदावतात. सगळे माइक इतकं वरचं पकडतात असंही नाही, अँड्रॉइडमध्ये १८.५ ते २० किलोहर्ट्झ ऐकण्याची क्षमता उपकरणाने स्वतंत्रपणे जाहीर करायची असते. इथे तरंगलांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे मध्ये आलेला हातसुद्धा सावली पाडतो. १,८७५ हर्ट्झची लाट १८ सेंटिमीटरची, ती हाताला वळसा घालून जाते.

वायफाय, हॉटस्पॉट काहीच लावायचं नाही. दुसरा मार्ग?

आहे, आणि तो आम्हाला मनापासून आवडतो. संगणकावर 'एज' नावाचं फाइल एन्क्रिप्ट करणारं छोटं मुक्त-स्रोत साधन घ्या. घेणाऱ्याने त्यात किल्लीची जोडी बनवायची. सार्वजनिक किल्ली ६२ अक्षरांची असते आणि ती सगळ्या जगाने ऐकली तरी हरकत नाही. ती आवाजातून वाजवायची, चार ते आठ सेकंदांत पोचते. पाठवणाऱ्याने त्या किल्लीसाठी फाइल एन्क्रिप्ट करायची आणि मग पेन ड्राइव्ह, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, जे हाताशी असेल त्याने द्यायची. वाटेत कोणाच्याही हाती लागली तरी ती उघडत नाही.

यात धोका एकच: किल्ली बदलली जाण्याचा. म्हणून ६२ अक्षरं शेजारी-शेजारी पडदे ठेवून संपूर्ण ताडा, एक मिनिट लागतं. फक्त सुरुवात बघू नका, ती सगळ्या किल्ल्यांची सारखीच असते. शेवटची चार-पाच अक्षरं जुळवून घेतलेली किल्लीही बनवता येते. आणि मोठा मजकूर असेल तर एन्क्रिप्ट करण्याआधी झिप करा. एन्क्रिप्ट झाल्यावर फाइल आणखी लहान होत नाही.

छोटी मजकूर-फाइल पूर्णपणे आवाजातूनच पाठवायची असेल तर?

लिनक्सवर 'मिनिमोडेम' हा बाइटचे सूर करणारा प्रोग्राम वापरा. १,२०० बॉडवर (सेकंदाला १,२०० बिट) एका बाइटला १० बिट खर्ची पडतात, म्हणजे सेकंदाला १२० बाइट. १०,००० बाइटची फाइल दीड मिनिटाच्या आत जाते. पण त्यात चुका दुरुस्त करायची सोय नाही. हवेतून पाठवताना एखादं अक्षर हमखास बिघडतं आणि एन्क्रिप्ट केलेल्या फाइलचा एक बाइट बिघडला तरी ती उघडत नाही. दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटर पिन असलेली ऑडिओ केबल मिळाली तर हवेतून जायची गरजच उरत नाही. तारेतून 'क्वाएट' या लायब्ररीची ६४ किलोबिटची मांडणीसुद्धा वापरता येते.

फाइल जशीच्या तशी पोचली हे कसं ओळखायचं?

दोन्हीकडे फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढा आणि ताडा. वेबआरटीसी किंवा एज वापरलं असेल तर वाटेतला फेरफार तिथेच पकडला जातो. तरी अर्धवट उतरलेली फाइल ओळखायला आकार आणि हॅश बघण्याची सवय चांगली.

ही पद्धत नवी आहे का?

मुळीच नाही. डायल-अप मोडेमचा किर्रर्र आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांनी हेच ऐकलं आहे. १९७५ च्या कॅन्सस सिटी पद्धतीत कॅसेटवर १,२०० आणि २,४०० हर्ट्झच्या सुरांनी प्रोग्राम साठवत. आपल्याकडे २०१७ मध्ये आलेल्या गूगल तेझमध्ये शेजारच्या फोनला पैसे देताना दोन फोन आवाजानेच एकमेकांना ओळखत असत. दुकानातल्या 'इतके रुपये प्राप्त झाले' म्हणणाऱ्या डब्याशी मात्र याचा संबंध नाही; त्याला खबर मोबाइल जाळ्यातून किंवा वायफायवरून येते.

क्विक शेअर किंवा एअरड्रॉप असताना हे कशाला?

दोन्ही फोन एकाच घराण्यातले असतील तर तेच वापरा, ते सोपं आहे. आवाजाचा उपयोग होतो तो जुना लॅपटॉप आणि नवा फोन, लिनक्स आणि आयफोन अशा जोड्यांना, आणि जिथे अनोळखी माणसाला नंबर द्यायचा नसतो तिथे. स्पीकर आणि माइक बहुतेक सगळ्यांकडे असतात.

माइकची परवानगी द्यायला भीती वाटते.

सावध राहणं योग्यच आहे. टीव्हीतून निघणारे ऐकू न येणारे सूर ओळखण्याची सोय अ‍ॅपमध्ये बसवल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०१६ मध्ये १२ अ‍ॅप-निर्मात्यांना इशारापत्रं पाठवली होती. म्हणून परवानगी 'फक्त या वेळी' किंवा 'अ‍ॅप वापरताना' एवढीच द्या, 'नेहमी' कधीच नको. फाइल उतरली की ते पान बंद करा. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या चिन्हावर दाबून माइकची परवानगी काढून घ्या, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला माइकचा ठिपका विझला का ते बघा. हॉटस्पॉट लावला असेल तर तोही बंद करा.